टेपचं टोक

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही डायरी कंपनीने दिलेली. दरवर्षी देतात आणि दरवर्षी मी तिच्यात कुणाचा सोफा कुठल्या दारातून निघत नाही एवढंच लिहितो. यंदा सिस्टरने फर्मावलंय की प्रवासाचं सगळं लिहायचं. सिस्टर म्हणजे माझी बायको. इस्पितळात नर्स आहे, तिथे तिला सगळे सिस्टर म्हणतात, आणि घरातला कारभारही ती वॉर्डासारखाच चालवते म्हणून मीही म्हणतो.

"परत आल्यावर विचारलं की तुम्ही 'ठीक होतं' म्हणणार," ती म्हणाली. "मला 'ठीक होतं' नकोय."

खरं तर जायचं होतं तिने. आमची लेक भिंगरी सतरा वर्षांची आहे. खरं नाव वेगळं, पण रांगायला लागल्यापासून ती एका जागी राहिली नाही म्हणून हे चिकटलं. तिला नाट्य महाविद्यालयात शिकायचंय. एकच महाविद्यालय, एकच अर्ज. दुसरीकडे कुठे भर म्हटलं तर ऐकेल ती भिंगरी कसली. ऑडिशन येत्या सोमवारी, दुसऱ्या शहरात. मायलेकींची विमानाची तिकिटं काढून झाली, आणि गेल्या गुरुवारी सिस्टर माझ्या हत्यारांच्या पेटीला अडखळून पडली. घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये. पेटी दारात कुणी ठेवली होती हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

तर आता तिच्या जागी मी. भिंगरीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा येणार? विमानात?" त्या आवाजात आनंद शोधायचा मी प्रयत्न केला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माझा धंदा सामान बांधण्याचा. लोक घर बदलतात. आम्ही त्यांचं घर खोक्यांत भरतो आणि दुसरीकडे नेऊन देतो. बावीस वर्षांत माझ्या हातून एक बशी फुटली, तीही घरातल्या बाईंनी नेमकं तेव्हाच "चहा घेणार का?" विचारलं म्हणून. त्यामुळे प्रवासाचं बाकी काही मला जमो न जमो, बॅगा कोण भरणार यावर घरात वाद झाला नाही.

ऑडिशनमध्ये दोन गोष्टी करायच्या आहेत असं कळलं. एक, महाविद्यालयाने दिलेलं भाषण पाठ म्हणायचं. दुसरी, घरातली एखादी वस्तू न्यायची आणि तिच्यासोबत चार मिनिटं स्वतः रचलेलं काहीतरी करून दाखवायचं. घरात चमचा आहे, टॉवेल आहे, रिमोट आहे. आमच्या बाईसाहेबांनी निवडलं काय, तर माशाचं काचेचं भांडं! मासा दोन वर्षांपूर्वी वारला. त्याचं नाव साहेब होतं, कारण तो दिवसभर तोंड उघडायचा पण कामाचं काही बोलायचा नाही. त्याच्या अंत्ययात्रेवर हिने काहीतरी बसवलंय.

"मला दाखव ना," मी म्हणालो.

"तुझ्यासमोर नाही."

"का? मी काय शिट्ट्या मारणार आहे?"

"बाबा, प्लीज."

आईसमोर मात्र रोज दार लावून तालीम चालते. मला वाईट वाटलं. पोरगी नकला मात्र फर्मास करते. शाळेतल्या बाई, खालचा दुकानदार, सिस्टरच्या वॉर्डातला घोरणारा डॉक्टर, सगळे हुबेहूब. माझी तेवढी कधी केली नाही. माझ्यात नक्कल करण्यासारखं आहे तरी काय म्हणा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

भांडं आज गोदामात नेऊन बांधलं. गोल वस्तू हा आमच्या धंद्यातला खरा शत्रू. चौकोनी वस्तू कोपऱ्यात गुमान बसते, गोल वस्तूला सगळीकडून समजवावं लागतं. आत चुरगळलेला कागद ठासला. बाहेरून बबल रॅपचे तीन फेरे. मग एक खोकं, त्याभोवती फोम, त्यावर दुसरं खोकं, आणि सगळ्या शिवणींवर टेप. सिस्टरने घरी बघितल्यावर विचारलं, "बाँब नेताय का?"

भिंगरी म्हणाली, "बाबा, ते मला बाहेरही काढायचंय हं."

"काढू की. अर्धा तास आधी पोचायचंय, तिथे निवांत काढू. माझ्याकडे कटर असतंच."

एक गोष्ट लिहून ठेवतो. कामावर नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच धडा देतो. टेप लावून झाली की तिचं टोक पाव इंच दुमडायचं, म्हणजे उघडणाऱ्याच्या नखाला सापडतं. बांधणारा ताजातवाना असतो, त्याच्या खिशात कटर असतं. उघडणारा प्रवासाने शिणलेला असतो, मुलं रडत असतात, आणि नव्या घरात कात्री कधीच सापडत नाही. आपण बांधतो ते उघडणाऱ्यासाठी. पोरं हसतात. मग कधीतरी स्वतःचं घर बदलतात आणि हसायची थांबतात.

या खोक्याचं टोक मात्र मी दुमडलं नाही. विमानतळावर दहा जणांचे हात लागतात, कुणी चाळा म्हणून ओढलं तर? उलट नखाने घासून सपाट केलं, शोधून सापडणार नाही असं. माझा जोडीदार बघत होता. उंच आणि बारीक आहे म्हणून त्याला सगळे दोरी म्हणतात.

"दादा, टोक?" तो म्हणाला.

"हे खोकं वेगळं आहे," मी म्हणालो.

निवड झाली तर तिला तिथेच वसतिगृहात राहावं लागेल. तीन वर्षं. नाही झाली तर काय आकाश कोसळणार आहे, असं टेप लावता लावता मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि टेपचा आणखी एक फेरा मारला.

रविवार, ९ फेब्रुवारी

विमानात बसलो. आता दोन्ही पाय जमिनीवर आहेत, हॉटेलच्या खोलीत लिहितोय.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर खोकं ठेवलं. पडद्यावर बघणाऱ्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या.

"यात काय आहे?"

"माशाचं भांडं."

"मासा आहे?"

"वारला."

तो माझ्याकडे बघत राहिला. भिंगरी बुटाची नाडी बांधायला लागली. तिच्या बुटाला नाडी नाही. त्याने खोकं उघडायला घेतलं, चारी बाजूंनी फिरवलं, नखाने जरा खरवडून बघितलं, आणि इतकी टेप बघून त्याचाच धीर सुटला. "जा," म्हणाला. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत त्याने माझ्या खिशातलं कटर काढून घेतलं. कामाला लागलो त्या वर्षापासूनचं कटर! मूठ माझ्या अंगठ्याने झिजलेली. मी त्याला समजावून सांगितलं की याने मी फक्त टेप कापतो. तो म्हणाला, सगळे हेच सांगतात. चुकून राहिलं होतं खिशात. खिशात कटर नाही असा माझा एक दिवस जात नाही, त्यामुळे ते आहे हेच लक्षात नव्हतं.

विमानात बसल्यावर डोक्यावरचे कप्पे बघितले आणि मला राहवेना. लोक बॅगा कोंबत होते. आडव्या, उलट्या, पट्टे लोंबतायत. एक गृहस्थ तर बुटाने ढकलायला निघाले होते. मी म्हणालो, "साहेब, थांबा. सामान ढकलायचं नसतं, बसवायचं असतं." मग त्यांची बसवली. मग मागच्यांची. शेवटी आमच्या बाजूचे चार कप्पे रिकामे करून पुन्हा लावले, आणि आधी जिथे सात बॅगा मावत नव्हत्या तिथे नऊ मावल्या, वर एक गिटार. एअरहोस्टेस म्हणाली, "सर, तुम्ही आमच्याकडे काम करता का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरीने डोक्यावरून टोपी ओढून घेतली ती उतरेपर्यंत काढली नाही.

भांडं मी मांडीवरच ठेवलं होतं. उतरताना म्हणाली, "बाबा, तू टेपवरून अंगठा फिरवताना तोंडाने 'हं, हं' करतोस. माहितीय?"

"मी? कधी?"

"आत्ता. अख्खा प्रवास."

हॉटेलची खोली ठीक आहे. म्हणजे, सिस्टर, दोन पलंग, एक खिडकी, खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. नळ सोडला की भिंतीत कुणीतरी घसा साफ करतं. भिंगरी म्हणाली, भांडं आत्ताच उघडून ठेवू या. मी म्हणालो, छे, उद्या टॅक्सीत धक्का लागला तर? तिथेच उघडू.

जेवताना ती अचानक म्हणाली, "बाबा, नाही झालं तर?"

"नाही झालं तर घरी सगळं आहेच की," मी म्हणालो. "तुझी खोली आहे, आम्ही आहोत. कशाला काळजी करतेस?"

तिने कानात इयरफोन घातले. तिला धीर आला असावा.

सोमवार, १० फेब्रुवारी

झालं. सगळं माझ्यामुळे झालं. लिहायचं जिवावर आलंय, पण सिस्टरला शब्द दिलाय.

अर्धा तास आधी पोचलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि खुर्च्यांवर सोडून सगळीकडे मुलं. एक मुलगा जमिनीवर उताणा पडून गुणगुणत होता. एक मुलगी भिंतीशी भांडत होती, भिंत गप्प. माझ्या शेजारी मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई मुलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "पोटातून, राजा, पोटातून." मी भिंगरीच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तिने नुसतं बघितलं, मी हात खोक्यावर ठेवला.

बूड टेकतोय तोच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण आला. आधीचे दोघे आलेच नाहीत, म्हणाला, तुम्ही लगेच आत चला.

"पाच मिनिटं द्या," मी म्हणालो, "एवढं खोकं उघडायचंय."

"आत उघडा ना. जागा भरपूर आहे."

भिंगरीने खोकं उचललं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी मागून म्हणालो, "टोक ओढ नुसतं, सुटेल." दार बंद झालं. आणि मग मला आठवलं की टोक नाहीये.

कटर नाही, टोक नाही, आणि पोरीला चार मिनिटं. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतात म्हणतात, तसं. फरक एवढाच की पाय माझा नव्हता. मी दाराला कान लावला. पहिल्यांदा खोकं जमिनीवर ठेवल्याचा आवाज. मग नखाचा खरवडण्याचा आवाज, थांबून थांबून. मग बराच वेळ काही नाही. मग आत कुणीतरी पुरुष बोलायला लागला. घोगरा, सर्दी झाल्यासारखा आवाज. "हळू! हळू! काच आहे, काच!" आणि पुन्हा, "ढकलतेस काय? बसव! सामान बसवायचं असतं!"

माझं डोकंच फिरलं. पोरगी आधीच घाबरलेली, आणि परीक्षक म्हणून बसलेला हा खडूस माणूस तिच्यावर खेकसतोय. बोलणं मुद्द्याचं होतं, नाही असं नाही, पण ही काय पद्धत झाली?

"कुणीतरी फारच चिडलंय आत," मोत्यांच्या बाई म्हणाल्या.

मी दाराच्या मुठीला हात घातला. तरुण आडवा आला. "सर, आत जाता येत नाही."

"तो बाप्या कोण आहे आत?"

"कोण बाप्या?" तो म्हणाला. बिचाऱ्याला स्वतःच्या महाविद्यालयातली माणसंही माहीत नव्हती.

मग आतून हसणं ऐकू आलं. एकाचं नाही, सगळ्यांचं, आणि वाढतच गेलं. एक बाई तर खुर्चीवरून पडते की काय अशी हसत होती. माझ्या पोरीला हसत होते. बांधलेलं खोकं घेऊन आलेल्या पोरीला हसणार नाहीत तर काय करतील. मी खाली बसलो. मग हसणं एकदम थांबलं. आत इतकी शांतता झाली की जमिनीवरचा मुलगासुद्धा गुणगुणायचा थांबला. मग घंटी वाजली.

भिंगरी बाहेर आली. डोळे ओले, तोंड लाल. खोकं तसंच काखेत. टेपवर एका कोपऱ्यात ओरखडे, बाकी जसंच्या तसं.

"उघडलंच नाही," ती म्हणाली.

"आणि भाषण? पाठ केलेलं?"

"ते विचारलंच नाही त्यांनी. चल, भूक लागलीय."

भाषणसुद्धा विचारलं नाही. पहिल्या चार मिनिटांतच निकाल लावला असणार. तिने दोन सँडविच खाल्ली. दुःखात काही लोकांना भूक लागते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

परतीच्या विमानात कप्प्यांकडे बघितलंही नाही. एअरहोस्टेस तीच होती. तिने विचारलं, "सर, आज नाही?" मी मान हलवली.

भिंगरीला म्हणालो, "माझ्यामुळे झालं बाळा."

"हो बाबा," ती म्हणाली, "तुझ्यामुळेच." आणि हसली. मग खिडकीकडे तोंड करून पुन्हा हसली, खांदे हलेपर्यंत. राग अति झाला की माणूस असा हसतो, मी बघितलंय. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तेवढं बरं वाटलं.

खोकं मांडीवर होतं. खरं लिहू? आतून एक छोटा, चोरटा विचार येत होता: आता ती कुठे जाणार नाही. मी त्याला हाकललं. तो विमान उतरेपर्यंत परत परत येत राहिला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

घरी आल्याच्या संध्याकाळी भिंगरी सिस्टरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर भांडी घासत होतो. आत दोघी रडत होत्या. सिस्टर तर इतकी की शेवटी तिला ठसका लागला आणि प्लास्टर पलंगावर आपटल्याचा आवाज आला. मी दाराशी पाणी घेऊन उभा राहिलो, पण आत जायचं धाडस झालं नाही.

सिस्टर बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंडाला पदर लावून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला न मागता दोन अंड्यांचं ऑम्लेट मिळालं, कुबडीवर उभं राहून केलेलं. बावीस वर्षांत कामावर जशी एक बशी, तसं लग्नात न मागता ऑम्लेट.

आज मी म्हणालो, त्या महाविद्यालयात फोन करून तक्रार करतो. तो घोगऱ्या आवाजाचा माणूस, त्याला कुणीतरी सांगायला हवं की लहान पोरांशी असं बोलू नये.

"अहो, नका," सिस्टर म्हणाली. "माणूस वाईट नसेल. बोलायची पद्धत तशी असते काहींची."

"तू ऐकलेलं नाहीस त्याला."

"रोज ऐकते," ती म्हणाली. इस्पितळातल्या डॉक्टरांबद्दल बोलत असावी.

शुक्रवार, १४ मार्च

निवड झाली!!!

भिंगरी दुपारी गोदामात पळत आली, मोबाइल डोक्यावर धरून, "बाबा, बाबा," एवढंच. दोरीने तिला उचलून फोमच्या ढिगावर टाकलं. कुणीतरी बबल रॅप फोडायला लागलं, मग सगळेच फोडायला लागले. मालक बाहेर आले, माल वाया घालवता म्हणून ओरडले, आणि मग स्वतः एक वीतभर फोडलं.

मी रडलो. मला खूप आनंद झाला. अगदी खरा. तरी निवडलं कसं, हे कोडं सुटत नाही. तो खडूस माणूस निकालाच्या दिवशी रजेवर असेल.

घरी येताना वाटेत थांबून मी नवीन कटर घेतलं. हातात बसत नाही अजून.

गुरुवार, ७ ऑगस्ट

भिंगरी पुढच्या आठवड्यात जाणार. आज जेवणाच्या सुट्टीत गोदामात आली. सोबत सिस्टर, चालताना अजून जरा लंगडते. आणि ते खोकं. फेब्रुवारीपासून कपाटावर तसंच पडलं होतं.

"बाबा, तिथे काय केलं ते दाखवते. बस इथे."

मी टेबलावर बसलो. दोरी, बाकीची पोरं, मालक, सगळे डबे घेऊन गोल बसले. ती बाहेर गेली, खोकं घेऊन आत आली, खाली ठेवलं. टेपवर नख फिरवलं. सुटेना. पुन्हा फिरवलं. घाबरलेली सतरा वर्षांची पोर, त्या दिवशी दारातून आत गेली होती तशीच. मग ती थांबली. कंबरेवर हात ठेवला, पोट जरा पुढे काढलं, मान वाकडी केली, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हळू! हळू! काच आहे, काच!"

पहिल्यांदा मला वाटलं, अरे, हा तर तोच खडूस! किती हुबेहूब उचललाय! मी दोरीच्या कानात सांगायला वळलो. दोरी जमिनीवर लोळत होता. सगळे माझ्याकडे बघून लोळत होते. ती खोक्याच्या कडेवरून अंगठा फिरवत "हं, हं" करत होती, कानावर पेन शोधत होती, नसलेल्या पोरीला रागावत होती, "ढकलतेस काय? बसव! सामान बसवायचं असतं!" मी सिस्टरकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच "हो" म्हटलं.

मी असा दिसतो? असा बोलतो? बावीस वर्षं? कुणी सांगितलं नाही ते!

मीही हसायला लागलो. हसून हसून पोट दुखलं. मग ती, म्हणजे मी, खोक्याचं टोक शोधायला लागली. पहिल्या शिवणीवर नख. नाही. दुसऱ्या. खोकं फिरवलं. सगळ्या कडा, सावकाश, एकेक, माझ्यासारखं डोळे मिटून. चेहऱ्यावरचं उसनं अवसान हळूहळू गेलं.

"टोक कुठंय?" ती माझ्या आवाजात म्हणाली. "मी दुमडतो. प्रत्येक खोक्याचं दुमडतो. परक्या लोकांचंसुद्धा." अंगठा पुन्हा एकदा फिरवला. "हिच्याच खोक्याचं नाही दुमडलं."

मग ती खोक्यावर बसली, दोन्ही हात कडांवर ठेवून, कुणी घेऊन जाईल तर. आणि हळूच म्हणाली, "उघडणाऱ्याला ते सापडूच नये, असं वाटत होतं का रे मला?"

इतकंच. दोरी तोंड फिरवून डोळे पुसत होता. त्याला म्हणे धुळीचा त्रास आहे. आजवर कधी झालेला बघितला नाही.

मी खाली उतरलो. "विमानतळावर लोकांचे हात लागतात म्हणून," मी म्हणालो.

"माहितीय, बाबा."

"आणि तू जाऊ नयेस म्हणून."

"तेही माहितीय." ती आता स्वतःच्या आवाजात बोलत होती. "तिथे टोक सापडेना तेव्हा कळलं. आणि माशाचं आठवेना, तूच आठवलास. हसत होते ना सगळे? शेवटी त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, आत खरंच भांडं आहे का? मी म्हटलं, ते फक्त बाबांना माहीत."

मी तिला जवळ घेतलं. पोरांसमोर मी असं करत नाही. मालकांनी घड्याळाकडे बघायचं नाटक केलं आणि सुट्टी अर्धा तास वाढवली.

शनिवार, १६ ऑगस्ट

उद्या सकाळी ती निघते. एकटी. "विमानात मला कप्पे लावून द्यायला कुणी नकोय," असं तिने स्पष्ट सांगितलंय.

आज दिवसभर सामान बांधलं. कपडे तिने भरले. मी फक्त बघत होतो आणि मधूनमधून "हं, हं" करत होतो. आता लक्षात येतं आणि तरी थांबत नाही. पुस्तकं, दिवा, उशी, सिस्टरने दिलेली औषधांची पेटी (अख्ख्या वसतिगृहाला साथ आली तरी पुरेल). खोकी मी बांधली. प्रत्येकाचं टोक दुमडलं. ती मागून येऊन तपासत होती, अंगठ्याने, कंबरेवर हात ठेवून, तोच खडूस चेहरा करून. "ठीक आहे," म्हणाली घोगऱ्या आवाजात, "शिकशील हळूहळू."

तिने जाऊ नये असं मला वाटतं. आणि मी तिला जाऊ देणार आहे. दोन्ही लिहून ठेवतो. सिस्टर वाचेल तर वाचू दे.

शेवटी कपाटावरचं जुनं खोकं खाली काढलं. ती म्हणाली होती, हेही नेणार, पण असंच, न उघडता. नखाने टेपचं टोक शोधायला मला बराच वेळ लागला. बांधलं चांगलंच होतं. सापडल्यावर पाव इंच उचललं, दुमडलं, दोनदा दाबलं, आणि खोकं तिच्या सामानात सगळ्यांत वर ठेवलं.